मसुराएवढा दिवा

१२ एप्रिल १९८४, गुरुवार. नाडी ७२.

विमला सकाळच्या एस.टी.ने कोल्हापूरला गेली. लेकीचं बाळंतपण. पहिलं असतं तर समजू शकले असते, हे तिसरं. माझी ही धाकटी बहीण चार वर्षं दर गुरुवारी माझ्या पायाशी बसून तो दिवा बघत आली, आणि आज तिने तो किल्ल्यांचा जुडगा द्यावा तसा स्वयंपाकाच्या बाईच्या हवाली केला. वर मला म्हणाली, "दमूताई, त्यात काय आहे? लागलाय की नाही एवढंच बघायचं."

त्यात काय आहे! त्यात मी आहे.

मुंबईच्या डॉक्टरांनी रोजची नाडी एका वहीत लिहून ठेवायला सांगितली आहे. विमला ते काम एका ओळीत उरकत असे. मी नाडी लिहीन, आणि खाली उरलेल्या जागेत काय लिहायचं ते माझं मी ठरवीन. हे पान डॉक्टरांना दाखवायचं नाही.

१९७९च्या डिसेंबरात मी अमेरिकेत आत्मारामच्या, म्हणजे आमच्या दिवंगत दादाच्या मुलाच्या घरी, ओट्यापाशी उभी असताना कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र शिवून बसवलेलं होतं. माझं स्वतःचं हृदय मिनिटाला छत्तीस ठोके देतं. बाकीचे ते यंत्र देतं. दुसऱ्यांच्या यंत्रातली बॅटरी संपली की कातडी कापून नवीन घालतात. माझं बाहेरून चार्ज करता येतं, तारेशिवाय. छातीला एक जाकीट बांधायचं, त्याच्या खिशात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, ते बरोबर यंत्रावर यायला हवं. मग वीज कातडीतून आपोआप आत जाते. आठवड्याला दीड तास. वेटोळं जागेवर असेल तोवर पेटीवरचा हिरवा दिवा लागतो. सरकलं की जातो.

दिवा मसुराएवढा आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे मला पायांपलीकडचं सगळं दुधात बुडालेलं दिसतं, आणि पेटी पायांपलीकडेच ठेवावी लागते, कारण प्लग तिकडच्या भिंतीत आहे आणि मध्ये वीज निम्मी करणारा लोखंडी ट्रान्सफॉर्मर जोडावा लागतो. अमेरिकेची वीज आपल्या निम्म्या जोराची. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या राष्ट्राला या पेटीत एक घंटी बसवता आली नाही.

मथुरा देवरुखच्या वरच्या अंगाच्या गावची. पंचेचाळिशीची, विधवा, हाताला चव, तोंडाला कुलूप. तिला दिवा दाखवला. म्हणाली, "तार नाय तर आत जाते कशी, बाय?"

"जाते. तू फक्त दिवा बघ आणि मला सांग."

"आन् पेटीला हात लावू?"

"खबरदार."

१९ एप्रिल, गुरुवार. नाडी ७२.

जाकीट मथुराकडून काल धुऊन घेतलं. चार वर्षांचा घाम होता त्याला. विमला नुसतं उन्हात टाकायची. मी कडकडीत पाण्यात, सोडा घालून धुवायला लावलं. आज कसं हलकं, स्वच्छ वाटलं. पूर्वी छातीला काचायचं, तेही गेलं.

साडेनऊला चार्जिंगला सुरुवात. पंधरा मिनिटांनी मथुरा हळूच म्हणाली, "बाय, दिवा वाढला."

आमच्या रत्नागिरीच्या झाडगावातलं व्होल्टेज मला ठाऊक आहे. दुपारी पंखा रडतो, मग अचानक असा फिरतो की कॅलेंडर फडफडतं. मी म्हटलं, "वाढला ना? उत्तम. मग आता कुणी हलायचं नाही." आणि मुळीच हलले नाही. दीड तासात डाव्या कुशीला मुंग्या आल्या, पण हलले नाही. मथुरा काही तरी पुटपुटत होती. जप असावा.

३ मे, गुरुवार. नाडी ७२.

आळीत समज आहे की मी गुरुवार करते. दार बंद, फोन नाही, दीड तास कुणाला भेटत नाही. पलीकडच्या आनंदीबाईंनी आज प्रसादाला वाटी पाठवली. मथुराने ती रिकामी परत पाठवण्याऐवजी तिच्यात गूळ घालून दिला. आता मी या आळीची साध्वी होणार.

आजही दिवा वाढला, तोही दहाव्या मिनिटालाच. मथुराने जाकिटाकडे हात केला तेव्हा मी ओरडले. विमलाने चार वर्षांत एकदाच, दिवा लागलेला असताना, उगीच पट्टा ओढला होता आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं होतं. मथुराला म्हटलं, "तुला शिकवलंय तेवढंच कर. वाढला की मला सांग आणि गप्प बस."

"पन बाय, वाढल्यावर..."

"वाढल्यावर आनंद मानायचा."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळी.

३१ मे, गुरुवार. नाडी ७१.

दोनदा मोजली. एकाहत्तर.

एक ठोका म्हणजे काहीच नाही. घड्याळाचा काटा बघताना माझी नजर चुकली असेल. मथुराला काटा बघायला बसवलं आणि मी मोजले. एकाहत्तर.

चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हल्लीच्या ट्रंक कॉलवर शब्द गळतात, म्हणून डॉक्टरांना इंग्रजीत सविस्तर पत्र लिहिलं: चार्जिंग दर आठवड्याला न चुकता पूर्ण दीड तास होतं आणि दिवा दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत चांगला वाढतो. माझी भाषा काटेकोर असते. तीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली, शेवटची अकरा वर्षं सुपरवायझर. सिंगापूरहून आलेला शब्द मुंबईच्या माणसाला मी जसाच्या तसा पोचवला आहे. एका शब्दाच्या फरकाने लोकांची लग्नं मोडतात.

१४ जून, गुरुवार. नाडी ७०.

सत्तर.

विजेच्या बोर्डात फोन केला. साहेब जागेवर नाहीत. बोर्डाचे साहेब जागेवर असल्याचं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या लवूला दारात बोलावून विचारलं. हा बोर्डातला निवृत्त वायरमन, आता मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बर्फाच्या कारखान्याची यंत्रं सांभाळतो. गडी साठीला आला, पण गुडघ्यावर चड्डी आणि कानावर पेन्सिल.

"लवू, आमच्या ओळीत व्होल्टेज एवढं का वाढतं?"

"वाढतं? ताई, सहा महिने झाले, झाडगावात कुणी व्होल्टेज बघितलेलं नाही. तुमच्याकडे वाढत असेल तर तार टाकून थोडं आम्हालाही द्या."

मी दार लावून घेतलं.

आज चार्जिंग दोन तास केलं. मथुराने आठव्या मिनिटाला "वाढला" म्हटलं आणि मग तोंड फिरवून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं असं वाटलं. मला नीट दिसत नाही. कांदा चिरून आली असेल.

२२ जून, शुक्रवार. नाडी ६९.

डॉक्टरांचं उत्तर आलं. टाइप केलेलं, आठ ओळी. त्यातल्या दोन अशा: "तो दिवा वाढत नाही आणि कमी होत नाही. तो एक तर लागतो किंवा विझतो. आपण नेमके काय पाहता ते कृपया पुन्हा कळवावे." पुढे लिहिलं आहे की आतली बॅटरी म्हातारी झाली असण्याची शक्यता आहे, चार्ज धरून ठेवत नसेल; तर ते यंत्र काढून आता नवीन बॅटरीचं बसवतात ते बसवू, पंधरा दिवसांत मुंबईला यावं. नाडी पासष्टच्या खाली गेली तर पंधरा दिवस थांबू नये.

दिवा वाढत नाही म्हणे. मुंबईत वाढत नसेल. रत्नागिरीला येऊन एक गुरुवार बसा म्हणावं माझ्या पायाशी.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना फक्त "काढून" हा शब्द वाचत होते. जुनी तार सोडवतात आणि नवी जोडतात, त्या मधल्या वेळात काय? आत्मारामने एकदा सांगितलं होतं, "आत्या, ती काही सेकंदांची गोष्ट असते." काही सेकंद मी माझ्या छत्तीस ठोक्यांवर. आणि ते तरी अजून छत्तीस आहेत का? पाच वर्षांत कुणी मोजलेत? वापरात नसलेला माणूस आळशी होतो, हृदयाचं काय सांगावं.

२८ जून, गुरुवार. नाडी ६८.

आज तीन तास. सकाळी दीड, दुपारी दीड. दुपारी मथुरा पाचव्या मिनिटाला म्हणाली. मी विचारलं, "किती वाढला? सकाळपेक्षा जास्त?"

ती म्हणाली, "बाय, वाढला म्हंजे वाढला. जास्त-कमी काय आसतं त्यात?"

सगळ्या खेडवळ लोकांची हीच तऱ्हा. थोडं, बरंच, अर्धं, पाऊण, काही सांगता येत नाही. मी तिला मापाचा धडा दिला: विझला, मंद, मध्यम, प्रखर. "म्हण माझ्यामागून." पहिल्या शब्दालाच तिने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि उठून गेली. बाहेरून म्हणाली, "तुमी शिकलेल्या आहात, तुमी बोला. मी नाय बोलणार ह्या घरात."

उद्धटपणा. दुसरी बाई बघायला हवी. पण दुसरी बाई मिळेपर्यंत दिवा कोण बघणार?

४ जुलै, बुधवार. नाडी ६७.

जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागलं. जिना कसला, माडीवरच्या अडगळीच्या खोलीला सात पायऱ्या.

कॉन्व्हेंटात आम्हाला नकार द्यायची सभ्य रीत शिकवली होती: आधी "आय अ‍ॅम अफ्रेड" म्हणायचं, मग नाही म्हणायचं. आय अ‍ॅम अफ्रेड द लाइन इज बिझी. आय अ‍ॅम अफ्रेड युवर पार्टी डज नॉट आन्सर. दिवसाला दोनशे वेळा म्हणत असे. तीस वर्षांचा हिशोब केला तर मी लाखो वेळा भ्याले आणि एकदाही भ्याले नाही.

आज दुपारी न्हाणीघरात कडी लावल्यावर एकदम वाटलं की ही कडी मला पुन्हा काढता येणार नाही. काढता आली. पण तेव्हापासून कडी लावत नाही. मथुराला कारण सांगितलं नाही. कडी गंजली आहे म्हटलं.

विमलाला पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. तिला लिहिलं तर ती येईल, आणि येताना तिचा चेहरा घेऊन येईल.

९ जुलै, सोमवार. नाडी ६४.

आज पडले. स्वयंपाकघरात. वरून काही तरी काढायला हात उंच केला आणि खालची फरशी वर आली. मथुराने धरलं म्हणून डोकं वाचलं, कपाळाला फक्त टेंगूळ आहे. डोळे उघडले तेव्हा ती माझ्या छातीला कान लावून बसली होती आणि मोठ्याने मोजत होती. तिला वीसपर्यंतच येतं. वीस झाले की पुन्हा एकपासून.

गावातले डॉक्टर येऊन गेले. इथे या यंत्राला हात लावणारं कुणी नाही, मुंबईला न्या, म्हणाले. कसं न्या? बोटी पावसाळाभर बंद. घाटात दरड कोसळली आहे, एस.टी. दोन दिवस सुटलेली नाही, मुंबईची फोनची लाइनही तुटली आहे. डॉक्टर छत्री उघडताना म्हणाले, "रस्ता खुला झाला की पहिल्या गाडीने निघा. तोपर्यंत दगदग करू नका." दगदग! मी श्वाससुद्धा जपून घेते आहे.

पासष्टच्या खाली थांबू नये, असं पत्रात आहे. मी थांबलेली नाही. रस्ता थांबला आहे.

१२ जुलै, गुरुवार. नाडी ६३.



सकाळी मथुरा मला न विचारता लवूला घेऊन आली. म्हणाली, "ह्यांना पेटी बघूंदे. कायतरी चुकतंय, बाय." मला रागावण्याचंही बळ नव्हतं. लवूने ट्रान्सफॉर्मर तपासला, प्लग तपासला, म्हणाला सगळं ठीक आहे, लावा बघू. जाकीट बांधलं. तो पेटीपाशी बसला, मथुरा शेजारी.

थोड्या वेळाने मथुरा नेहमीप्रमाणे म्हणाली, "वाढला, बाय."

लवू म्हणाला, "वाढला काय? विझलाय तो!"

मथुराने त्याच्या तोंडावर चक्क हात ठेवला. "आसां बोलू नका हो! माणूस निजलाय समोर!"

  मग माझ्या डोक्यात एकेक दार उघडत गेलं. फुटलेल्या बांगडीला फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. देवापुढचा दिवा मालवत नाहीत, वाढवतात. माझी आईसुद्धा असंच म्हणायची. हे मला ठाऊक नाही का? ठाऊक आहे. पण ते समईचं, निरांजनाचं. अमेरिकेच्या हिरव्या दिव्याला कुणी असं म्हणेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"मथुरा," मी म्हटलं, "बोर्डाची वीज जाते तेव्हा तू काय म्हणतेस?"

"लाईट गेली म्हणते."

"मग हा दिवा वाढला कशाला?"

"ती लाईट बोर्डाची, बाय. हा दिवा तुमचा."

एप्रिलपासून. तेरा गुरुवार. ती दर वेळी मला सांगत होती की दिवा गेला, आणि मी दर वेळी तिला म्हणत होते, उत्तम, आता हलू नकोस. तीन-तीन तास मी निर्जीव वेटोळ्याखाली पडून राहिले.

"अगं, मग मला हलवून का नाही सांगितलंस? भांडायचं होतंस!"

"मी म्हटलं ना, वाढल्यावर कसं? तुमी म्हणालात आनंद मानायचा. मला वाटलां, शिकलेल्या माणसांचा कायतरी आसल." मग खाली बघून म्हणाली, "माझा घोव आजारी होता तवा कंदील गेला आन् मी पटकन बोलले तो शब्द. सकाळी तो गेला. मी नाय बोलणार परत."

  सिंगापूरचा शब्द पोचवणारी मी.

लवूने दोष मिनिटभरात काढला. जाकिटाचं इलॅस्टिक मेलं आहे. कडकडीत पाणी आणि सोडा. श्वास घेतला की वेटोळं दोन बोटं खाली येतं. मी धुवायला लावलं होतं, मथुराने नाही.

त्याने वेटोळं हाताने वर धरलं, मथुराने खाली रुमालाची घडी खुपसली. लवू ओरडला, "लागला!" वीस मिनिटं लागलेला होता. तिघंही त्याच्याकडे बघत होतो, मी न दिसताही बघत होते. विसाव्या मिनिटाला पंखा थांबला.

या वेळी मथुरा म्हणाली, "लाईट गेली."

१३ जुलै, शुक्रवार, सकाळी आठ. नाडी ६१.

वीज आलेली नाही. लवू बोर्डात जाऊन आला. खाडीकडच्या बाजूला तीन खांब आडवे झाले आहेत, दोन दिवस तरी लागतील म्हणतात. बोर्डाचे दोन दिवस म्हणजे किती, हे मी या वहीत लिहिणार नाही.

घाट बंदच.

काल दुपारपासून उभी राहिलेली नाही. उठून बसले की कानात समुद्र वाजतो. मथुराने अंथरूण स्वयंपाकघराच्या दारात ओढून घेतलं, मी तिच्या नजरेसमोर असावी म्हणून. पहाटेपासून दर थोड्या वेळाने येऊन नाकापुढे बोट धरते. मी डोळे मिटूनच म्हटलं, "आहे अजून." तर हसली आणि रडली.

उपाय कळला आहे आणि वीज नाही. रोगाचं कारण न कळता मरणं वेगळं. हे म्हणजे किल्ली हातात घेऊन बंद दाराबाहेर मरणं.

लवू आत्ता दारातून ओरडून गेला: "ताई, आवरून ठेवा! कारखान्याच्या मालकाला विचारून येतो. जनरेटर आहे आमच्याकडे!"

या माणसाच्या तोंडावर मी दार लावलं होतं.

१४ जुलै, शनिवार. नाडी ६७.

कालचं आज लिहिते आहे.

लवू बर्फाचा टेंपो घेऊन आला. मागे गादी टाकली, वर ताडपत्री. मथुरा पेटी पोटाशी धरून बसली आणि ट्रान्सफॉर्मर माझ्या पायांवर. मिरजोळ्यापर्यंतचा रस्ता एरवी वीस मिनिटांचा. प्रत्येक खड्ड्याला मला वाटे, हाच. आनंदीबाई गेटपाशी भिजत उभ्या होत्या, हात जोडून. साध्वी निघाली.

पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून कारखानाही बंद. आत अमोनियाचा आणि गेल्या हंगामातल्या माशांचा वास. मासळीच्या चार पेट्या उपड्या जोडून त्यावर गादी घातली. लवूने जनरेटर सुरू केला आणि जग नाहीसं झालं. असा आवाज मी कधी ऐकलेला नाही. भिंती थरथरत होत्या, दात थरथरत होते. मथुरा माझ्या कानाशी येऊन काही बोलली, मला तिचे फक्त ओठ दिसले.

जाकिटाचा उपयोग नव्हता. थरथरीने घडी खाली सरकत होती. मथुराने वेटोळं तळहाताने दाबून धरलं. पण दिवा लागलेला आहे की गेला, हे मला कसं कळणार? शब्दांची तर सोयच राहिली नव्हती. मी लवूला खूण करून जनरेटर क्षणभर बंद करायला लावला आणि म्हटलं, "मथुरा, तुझ्या दुसऱ्या हाताने माझा अंगठा धर. दिवा लागलेला असेल तोवर दाबून ठेव. गेला की सोड. काही बोलायचं नाही."

"ह्यां बरां," ती म्हणाली. "ह्यात वाईट शब्द नाय."

तिने मला न विचारता दिव्यासमोर बसायची जागा दोनदा बदलली, मग अंगठा धरला. लवूने जनरेटर पुन्हा सुरू केला.

सकाळी अकरा ते दुपारी चार. तेवढ्या वेळात तिने अंगठा सतरा वेळा सोडला. मी मोजलं.  सोडला की तिचा तळहात छातीवर केसभर इकडे, केसभर तिकडे सरके, आणि पुन्हा दाब. एकदा दाब यायला इतका वेळ लागला की मी देवाचं नाव घेतलं. कुठल्या देवाचं, ते आठवत नाही. मराठीत घेतलं हे खरं. लवू मधून मधून डिझेल ओतायला येई आणि बोटांनी विचारी, ठीक? मथुरा मान हलवी. पाच तास ती जागची उठली नाही. पाणी प्यायली नाही. तिच्या हाताला गोळा आला असणार, कारण तो माझ्या छातीवर कापत होता.

तीनच्या सुमाराला मी बोलले. त्या आवाजात माझं मलाही ऐकू येत नव्हतं, म्हणूनच बोलता आलं. छताच्या पत्र्याकडे बघत म्हटलं, "मला फार भीती वाटते. मला मरायचं नाही. मला एकटीला टाकून जाऊ नकोस." कुणाला म्हटलं, माहीत नाही. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी आणि इतक्या मोठ्याने. पण ते कुणाला कळणं शक्य नव्हतं.

त्याच वेळी अंगठ्यावर असा दाब आला की तिचं नख रुतलं. अजून वळ आहे. मला वाटलं, दिवा जोरात लागला असावा. पण तो तर वाढत नाही, डॉक्टरांनी लिहिलं आहे.

१५ जुलै, रविवार. नाडी ६८.

घाट खुला झाला. पहिली गाडी उद्या सकाळी सुटते. डॉक्टरांच्या हातात द्यायला पत्र लिहिलं, तोंडाने एवढं सांगता येणार नाही. काय झालं ते सगळं लिहिलं, "वाढला" या शब्दाचा अर्थही इंग्रजीत समजावून दिला. दीड पान झालं आणि तरी त्यांना तो कळेल असं वाटत नाही. यंत्र बदलायचं की नाही, ते आता त्यांनी ठरवावं. मुंबईला आले आहे, पण एकटी नाही, असंही लिहिलं. सोबत कोण, ते लिहिताना थांबले. स्वयंपाकाची बाई असं लिहून खोडलं. शेवटी नुसतं मथुराबाई लिहिलं.

वीज आज सकाळी आली. मथुरा तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "परवा मध्येच अंगठा एवढा का गं दाबलास? दिव्याचं काही झालं होतं का?"

"दिवा होता तसाच होता, बाय."

 तिने सूप खाली ठेवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "गुरुवारला अजून चार दिस हायत. आता लाईट हाय. जायच्या आधी आजच लावूया काय?"

जाकिटाला तिने काल नवी नाडी शिवली आहे, घट्ट बसतं. मी आडवी झाले, तिने पेटी लावली, पट्टा आवळला. मग पदराला हात पुसून तो माझ्यापुढे धरला.

इथे जनरेटर नाही. पाऊसही उघडला आहे, खोलीत माशी उडाली तरी ऐकू येईल एवढी शांतता. तोंडाने सांगता आलं असतं. मी तिच्या हातात अंगठा दिला.